आठ बोटांचा चुन्यो

जूनचा दुसरा आठवडा. वर्गात मी एकटा,
आणि फळ्यावर कालचा अर्धवट ग्लुकोज,
सहा कोनांचं कडं, एका कोनात ऑक्सिजन.
बाकीचं उद्या, म्हणालो होतो.
आज पटावरचं एकही नाव हजर नाही.

एलोय तेवढा दारातून डोकावला.
"मास्तर, रात्रीनं पकडलं. चला,
पाय कमी पडतायत."

ओरुरोच्या पलीकडचा हा माळ, चार हजार मीटर उंच.
मी सांताक्रूझच्या उकाड्यातला माणूस,
इथं श्वाससुद्धा मोजून मिळतो.
गवतावर पसरलेले बटाटे, सुपारीएवढे, लिंबाएवढे,
जातीचे कडू,
रात्रभर उघड्यावर पडून दगड झालेले,
आणि आता उन्हानं पाझरायला लागलेले.
त्यांच्यावर बासिलिया तिकोना, अनवाणी,
घागरा गुडघ्याशी खोचून,
टाच फिरवते, दाबते, पुन्हा फिरवते.
साल निसटते. पाणी सुटतं.

मला राहवत नाही. मास्तरकीची खोड.
सांगू लागतो, की पाणी गोठताना
प्रत्येक रेणू चौघांचे हात धरतो
आणि हातभर अंतर राखून उभा राहतो,
म्हणून बर्फाला जागा जास्त लागते.
की प्रत्येक पेशीभोवती मेदाचा दुपदरी पडदा असतो,
डोकी पाण्याकडे, शेपट्या पाण्याला पाठ करून,
आणि त्या पडद्यातून बर्फाच्या सुया आरपार जातात.
मग ऊन पडलं की आतलं घर गळतं.
पाण्याबरोबर कडूपणाही जातो, थोडं विषही.

ती ऐकते. टाच थांबत नाही.
मग म्हणते, "आणि हे?"
आणि डावा पाय पुढे करते.
तीन बोटं. उजव्यालाही धाकटी दोन नाहीत,
पण ते मी नंतर मोजलं;
आधी एकच पाय दिसला, आणि घशात आवंढा.

एकोणीस वर्षांपूर्वीची वादळी रात्र,
हरवलेली लामाची पिल्लं, फाटके बूट.
काय सांगू? तेच पाणी, तेच हात,
त्याच सुया, तोच दुपदरी पडदा.
बटाटा की बाई, बर्फ विचारत नाही.

सांगितलं. खोटं बोलता आलं नाही.
ती क्षणभर गप्प राहिली, आणि मग
अशी हसली की पलीकडच्या बायका वळून बघायला लागल्या.
"म्हणजे त्या रात्रीनं मला चुन्यो करायला घेतलं,
आणि चार बोटांवर कंटाळली!"

उतरलो मीही. मोजे काढले.
पहिल्या पावलाला जीव टाळूत गेला,
दहाव्याला पाय माझे राहिले नाहीत.
खाली उरत होतं ते पिष्ट,
साखरेचा मणी, त्याला मणी, त्याला मणी,
हजारोंची माळ. वाळली की दहा वर्षं टिकते,
म्हणतात; बासिलियाच्या सासूची एक गोणी
तिच्या मागे सहा वर्षं पुरली.

बांधावर लामा इचू गवत चावत होता.
त्यातही तेच मणी. फक्त
प्रत्येक दुसरा मणी उलटा ओवलेला.
एवढ्याशा वळणानं आपल्या पोटाला कुलूप,
आणि त्याच्या पोटातल्या जिवाणूंकडे किल्ली.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
दात वाजत होते.

तिसऱ्या रात्री ढग आले. आभाळानं पांघरूण घातलं
आणि थंडी पडलीच नाही.
कडेचा ढीग सकाळी मऊ, आंबूस, काळा.
बासिलियानं एक उचलून वास घेतला,
मेंढ्यांकडे भिरकावला, आणि म्हणाली,
"ह्याचंही काहीतरी असेल तुमच्या फळ्यावर."

असेल. बघायला हवं.
कडं अजून तसंच आहे, पाच कोन कोरे.
पुसून नीट काढलं असतं,
पण डस्टरचं फडकं एलोयनं नेलंय,
पाय पुसायला.